मुद्दाम विस्कटलेले

पंजाबराव ठवऱ्यांनी आयुष्यात कोणाचं मन दुखवलं नाही. एकदाच दुखवलं, ते होणाऱ्या व्याह्याचं, आणि तेही कंगवा देऊन.

झालं असं की नागपूरचे सुशीलराव देवघरे, त्यांच्या मिसेस आणि मुलगा धनंजय असे तिघं रविवारी सकाळी गाडीनं भिलाईला, ठवऱ्यांच्या हुडको कॉलनीतल्या घरी आले. पंजाबरावांच्या प्राचीचं साक्षगंध, म्हणजे तुमच्याकडचा साखरपुडा, पुढच्याच रविवारी करायचं ठरलं. धनंजयला नंतर महिनाभर बाहेरगावी जायचं होतं. चहा झाला, तर्रीपोहे झाले, हसणंबोलणं झालं. पण पंजाबरावांचं मन काही बोलण्यात नव्हतं. ते सारखे सुशीलरावांच्या डोक्याकडे पाहत होते.

सुशीलराव म्हणजे आर्किटेक्ट माणूस. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात भारी जोडे, आणि केस मात्र आत्ता खाटेवरून उठून आल्यासारखे. एक झुपका इकडे, एक तिकडे, मधले उभे. पंजाबरावांना वाईट वाटलं. बिचारे तीन-चार तास गाडी चालवत आले, खिडकी उघडी असेल, वारा लागला असेल, आणि आपल्या घरात कोणी साधा आरसा दाखवला नाही! यजमान म्हणून आपलं काही कर्तव्य आहे की नाही? त्यांनी शर्टाच्या खिशातला आपला काळा कंगवा काढला, शर्टालाच पुसला आणि सगळ्यांसमक्ष व्याह्यांच्या हातात दिला.

"घ्या ना साहेब. लाजू नका. वाऱ्यानं पार विस्कटून गेले."

खोली चिडीचूप झाली. सुशीलरावांनी कंगव्याकडे पाहिलं, मग पंजाबरावांकडे, आणि हळूच म्हणाले, "राहू द्या. मुद्दाम आहेत."

मुद्दाम! प्राचीनं डोळे मिटून घेतले. पंजाबरावांच्या बायकोनं, कमलिनीबाईंनी, कोणी मागितलं नसताना आणखी पोहे आणले. पाहुणे गेल्यावर प्राची जे दार लावून बसली ते थेट जेवायलाच बाहेर आली, आणि तेव्हाही बाबांशी नाही, भातवाढीशीच बोलली.

"अगं पण मले काय माहीत?" पंजाबराव म्हणाले. "मी तं मदत करून राहिलो होतो."

"आई, बाबांना सांग," प्राची म्हणाली, "धनंजयचा मेसेज आला. त्याचे पप्पा राजनांदगावपर्यंत गाडीत एक शब्द नाही बोलले. एक शब्द! ते कधी चूप बसतच नाहीत."

हे ऐकून पंजाबरावांनी ताट बाजूला सारलं. एकुलती एक पोरगी. तिचं सासर अजून सुरूही झालं नाही आणि बापानं तिथं काडी टाकून ठेवली. त्यात आणखी एक गोष्ट त्या रात्रीपासून त्यांना छळायला लागली, आणि खरं सांगायचं तर तिनंच पुढचा सगळा घोळ केला. ती म्हणजे उत्सुकता. केस मुद्दाम कसे विस्कटतात? विस्कटलेले असतात तर तसेच राहतात कसे? आणि तसेच राहतात तर त्यांना विस्कटलेले का म्हणायचं?

आता पंजाबरावांच्या केसांबद्दल दोन शब्द सांगायला पाहिजेत; जास्त सांगण्यासारखं काही नाही. डाव्या बाजूला भांग, वर खोबरेल तेल, संपलं. तीस वर्षं हेच. तो भांग इतका सरळ होता की लॅबमधले लोक म्हणत, ठवरे साहेबांच्या डोक्यावर पट्टी ठेवून रेघ मारावी. पंजाबराव स्टील प्लांटमध्ये सिंटर विभागाच्या लॅबमध्ये होते. भिलाईच्या बाहेर राहायची ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांच्यासाठी सांगतो: लोहखनिजाचा बारीक भुगा असतो, तो तसाच भट्टीत टाकला तर उडून जातो. म्हणून त्यात चुना, कोळशाची पूड, मोजून पाणी कालवायचं आणि वरून जाळ द्यायचा. त्याची खडबडीत, सच्छिद्र, पण मजबूत ढेकळं होतात. त्याला म्हणतात सिंटर. हे लक्षात ठेवा, लवकरच डोक्यावर येणार आहे.

सोमवारी ड्यूटी सुटल्यावर पंजाबराव सुपेल्याच्या बाजारात एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात शिरले. काउंटरवर नीतू नावाची मुलगी होती. तिच्या छातीवर तशी पाटीच होती.

"बाल बिगाड़ने का कुछ है क्या?" पंजाबरावांनी आवाज खाली करून विचारलं.

"किसके लिए, अंकल?"

"है एक भतीजा."

नीतूनं भाच्या-पुतण्यांचे असे पुष्कळ काका पाहिले असावेत. तिनं न हसता तीन वस्तू समोर मांडल्या. एक समुद्राच्या मिठाच्या पाण्याचा फवारा, एक पांढरी पावडर, आणि एका चपट्या डबीत मातीसारखं काहीतरी, ज्याला क्ले म्हणतात. "भतीजे को बोलना, बहुत थोड़ा लगाए. क्ले बस मटर के दाने जितना. लगे ही नहीं कि कुछ लगाया है."

पंजाबराव तिथंच अडकले. मटर म्हणजे कोणता? ओला की वाळलेला? ओल्या आणि वाळलेल्या वाटाण्याच्या वजनात केवढा फरक! तीस वर्षं ज्या माणसानं दशांश चिन्हानंतर दोन आकडे लिहिले, त्याला 'थोडा' हे माप पटावं कसं? पण मागे गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यातली एक बाई त्यांच्याच गल्लीतली वाटली. ते सामान घेऊन निघाले.

घरी येऊन त्यांनी चष्मा लावला, तिन्ही डब्यांवरचं बारीक अक्षर वाचलं आणि एकदम ताठ बसले. बारीक पूड. खारं पाणी. चिकटवायला माती. आणि शेवटी ड्रायरची गरम हवा. परिणाम: खडबडीत, सच्छिद्र, तरी टिकाऊ.

"अरे!" पंजाबराव एकटेच म्हणाले. "हे तं सिंटर होय!"

आता मला सांगा, ज्याच्या हातात तीस वर्षांचा अनुभव आहे त्यानं नीतूचं ऐकावं की स्वतःचं? मंगळवारी त्यांनी दोन दिवसांची कॅज्युअल लीव्ह टाकली. प्राची बाजारात जाताच न्हाणीघरात टेबल पंखा, वही आणि प्राचीचा ड्रायर नेला. पावडर आधी, कारण भुगा आधी. अर्धी डबी. मग पाणी सात टक्के, ते डोक्याच्या वजनाच्या अंदाजानं. मग बोटांनी गोल गोल कालवणं, जोवर छोट्या गोळ्या लागत नाहीत तोवर. मग क्ले, इथं त्यांनी वाटाणा बाजूला ठेवून लिंबाचं माप धरलं. मग वरून जाळ, म्हणजे ड्रायर फुल्ल. प्लांटमध्ये खालून हवा ओढून घेतात म्हणून जाळ पार तळापर्यंत जातो. डोक्याला खालून हवा ओढायची सोय नाही, ही अडचण त्यांनी वहीत नोंदवली आणि पंखा मानेजवळ लावला.

वीस मिनिटांनी त्यांनी आरशात पाहिलं. केस विस्कटलेले होते, यात वाद नाही. पण हलत नव्हते. पंजाबरावांनी मान झटकली, केस तिथंच. बोटानं दाबलं, बोट दुखलं.

कमलिनीबाई आल्या, त्यांनी पाहिलं, आणि हातातल्या लाटण्यानं हलकेच वाजवून बघितलं. टक टक.

"अगं माय!" त्या म्हणाल्या. "प्राचीचे बाबा, हे काय करून ठेवलं? हे तं वाजून राहिलं!"

"मजबुती चांगली आहे," पंजाबराव म्हणाले. पण त्यांचा आवाज पडला होता.

पाणी टाकलं तर वरचा थर लगद्यासारखा झाला आणि वाळल्यावर पुन्हा बसला, आणखी पक्का. शॅम्पूला फेस येईना. संध्याकाळी कुंपणावरून शेजारचे चंपतराव डोकावले. चंपतराव रिटायर्ड, आणि रिटायर्ड माणसाला सल्ल्याशिवाय दुसरी ड्यूटी नसते.

"बेसन अन् दही," चंपतराव म्हणाले. "माह्या आजीचा नुस्का आहे. लावा अन् उन्हात बसा तासभर. सगळं निघून येते."

एप्रिलचं ऊन, दही आणि बेसन. तासाभरानं निघालं ते फक्त पंजाबरावांच्या डोळ्यांतून पाणी. ज्या माणसानं जन्मभर चिकटवणाऱ्या पदार्थांचे रिपोर्ट लिहिले त्यानं आपल्या हातानं डोक्यावर आणखी एक चिकटवणारा पदार्थ चढवला होता. आणि आता त्याला वासही यायला लागला.

बुधवारी सकाळी, टोपी घालून, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून पार कुरुदला बाबुलालच्या सलूनमध्ये गेले. बाबुलालनं टोपी उचलली, कात्री लावली, कात्री अडकली. त्यानं कात्री सोडवली, ती बाजूला ठेवली आणि वस्तरा उघडला.

"साहब, एक ही इलाज है. पूरा साफ."

पंजाबरावांनी मान हलवली. गळ्याभोवती पांढरं कापड आलं. बाबुलालनं पाण्याचा फवारा मारला, आणि मग थांबून, फार हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घर में कौन शांत हुए, साहब?"

पंजाबराव खुर्चीतून उडालेच. मुंडण! चार दिवसांवर साक्षगंध, आणि पोरीचा बाप तुळतुळीत डोक्यानं दारात उभा. कोणीही विचारणार, कोण गेलं? सुतक आहे का? मग म्हातारी मंडळी म्हणणार, पोरं थांबतील, तारीख पुढे ढकला. धनंजय तर महिनाभर बाहेर. आधीच एक व्याही रुसलेला! "नाही नाही नाही," म्हणत ते निघाले, स्कूटरला किक मारली, आणि ते पांढरं कापड गळ्याभोवती तसंच राहिलं.

गल्लीच्या तोंडाशी चंपतराव उभे. त्यांनी पाहिलं: पांढरं कापड, पडलेला चेहरा, लाल डोळे, डोक्यावर काहीतरी राखेसारखं; आपलंच बेसन त्यांना ओळखू आलं नाही. त्यांना टाळायला पंजाबराव गल्लीत न वळता, न बोलता सरळ पुढे गेले. आता एवढं पाहिल्यावर शहाण्या माणसानं दुसरं काय समजावं?

पंजाबराव मुद्दाम मरोद्याकडून लांबचा फेरा घालून घरी पोचले. तेव्हा समोरच्या खोलीत गल्लीतल्या चार बायका डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. चंपतराव कोपऱ्यात हात जोडून उभे. कमलिनीबाई सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून विचारत होत्या, "अहो, पण गेलं कोण?" आणि सगळ्या म्हणत होत्या, "धीर धर, बाई." प्राची दारात फोन घेऊन उभी होती, आणि फोनवर नागपूर होतं. चंपतरावांनी साक्षगंधाच्या पत्रिकेवरचा नंबर पाहून देवघऱ्यांना आधीच कळवून टाकलं होतं. शेजारधर्म!

"नाही काका, सगळे ठीक आहेत," प्राची सांगत होती. "हो, बाबाही ठीक आहेत. म्हणजे... आहेत." तिनं फोन ठेवला. बायका गेल्या. मग आठवड्यात पहिल्यांदा ती थेट बाबांशी बोलली.

"बाबा, चार दिवस फक्त. चार दिवस तुम्ही काहीच करू नका. प्लीज."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती विनवत होती. पंजाबरावांना इतकं लागलं की त्यांनी बेसनाचा वास येत असलेलं डोकं खाली घातलं आणि ते सरळ अंगणात जाऊन बसले. त्यांना सांगायचं होतं की बाई, तुझ्या सासऱ्याला मी समजून घेत होतो. त्यांच्यासारखं होऊन दाखवलं तर ते समजतील की ठवरे हसला नव्हता. पण अशी वाक्यं तोंडातून निघतात थोडीच.

गुरुवारी रजा संपली. प्लांटच्या गेटवर सुरक्षारक्षक तेजराम यांनी अडवलं. हेल्मेट डोक्यावर बसत नव्हतं; चार बोटं वर तरंगत होतं.

"साहब, ऐसे अंदर नहीं जा सकते."

बरोबरच होतं. नियम म्हणजे नियम, आणि तो नियम लोकांना शिकवणाऱ्यांत पंजाबरावही होते. सेफ्टीच्या साहेबांनी फॉर्म पुढे केला. हेल्मेट न बसण्याचं कारण: जखम, आजार, पगडी, इतर. पंजाबरावांनी 'इतर' वर खूण केली. साहेबांनी विचारलं, इतर म्हणजे काय लिहू? पंजाबराव पुष्कळ वेळ विचार करून म्हणाले, "डोक्याच्या आकारात तात्पुरती वाढ." साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि एक शब्द न विचारता तसंच लिहिलं. असा अधिकारी मिळायला भाग्य लागतं. मग स्टोअरमधून सगळ्यात मोठ्या मापाचं हेल्मेट आलं, आतला पट्टा शेवटच्या खाचेपर्यंत सैल केला, आणि ते कसंबसं, जोर लावून, बसलं.

दोन दिवस ते हेल्मेट डोक्यावर. एप्रिल महिना, सिंटर मशीनची धग, दर तासाला नमुने आणायला वर-खाली जिने. घाम असा की कानामागून ओघळ. आतून काहीतरी हळूहळू सुटत होतं, मानेवर पांढरी खडी पडत होती, पण ते काढून बघायची पंजाबरावांची हिंमत नव्हती. घरी जातानाही टोपी, झोपतानाही टोपी.

शुक्रवारी शिफ्ट सुटली. वॉशरूममध्ये, तीस वर्षांच्या सवयीप्रमाणे, त्यांनी एका हातानं हेल्मेट काढलं आणि दुसरा हात खिशात घातला. दर दिवशी असंच. हेल्मेट निघालं की त्याच क्षणी कंगवा, भांग, आणि मगच आरसा. पण खिसा रिकामा. कंगवा नव्हता. आता त्यांना आठवलं की तो रविवारपासूनच नव्हता; सोमवारी दुकान गाठायच्या आणि गुरुवारी टोपी चढवायच्या घाईत ते ध्यानातच आलं नव्हतं.

म्हणून पंजाबरावांनी आयुष्यात पहिल्यांदा, कंगवा न फिरवता, हेल्मेटनंतरचं आपलं डोकं आरशात पाहिलं.

ढेकळं गेली होती. घामानं जे धुवायचं ते धुतलं होतं आणि जे ठेवायचं ते ठेवलं होतं. एक झुपका इकडे, एक तिकडे, मधले उभे. हलवले की हलत होते, सोडले की आपापल्या जागी परत. सुशीलराव! हुबेहूब सुशीलराव!

पंजाबराव मोठ्यानं हसले. बाजूच्या नळावर हात धुणारे दोघं दचकले. "अरे, हे तं रोज होत होतं!" ते त्यांना सांगत सुटले. "तीस वर्षं रोज होऊन राहिलं अन् मी रोज पुसून टाकलं!" त्या दोघांना काही कळलं नाही, पण ते हो म्हणाले.

पण शनिवारी सुट्टी, आणि एका आंघोळीत सगळं बसून गेलं. रविवारी साक्षगंध अकराला. आता अनुभवी माणूस काय करील? परिस्थिती पुन्हा तयार करील. पंजाबरावांनी साडेनऊला केस ओले केले, मिठाच्या पाण्याचे मोजून दोन फवारे मारले, वाळलेल्या वाटाण्याएवढी क्ले लावली (ओला की वाळलेला, याचा निकाल लागला होता), वरून हेल्मेट चढवलं, पट्टा हनुवटीखाली लावला, आणि गच्चीचा जिना चढायला-उतरायला सुरुवात केली. अंगात रेशमी कुर्ता, कारण घाम नेमका पाहिजे होता आणि नंतर बदलायला वेळ नव्हता. कमलिनीबाई खालून म्हणाल्या, "अहो, बुंदीचे लाडू मोजायचे आहेत!" ते वरून म्हणाले, "चाळीस फेऱ्या झाल्या की येतो!"

अडतिसाव्या फेरीला दाराची बेल वाजली. फुलवाला असेल म्हणून पंजाबरावांनी दार उघडलं.

देवघरे. तिघंही. तासभर लवकर.

दारात पोरीचा बाप रेशमी कुर्त्यात, धापा टाकत, डोक्यावर पिवळं सेफ्टी हेल्मेट. मागून प्राची नव्या शालूत धावत आली आणि जागच्या जागी थिजली. मागे फोटोग्राफर मोहित, चाळिशीचा, कॅमेरा गळ्यात, तोंड उघडं.

पण पंजाबराव वेगळंच पाहत होते. सुशीलरावांच्या डोक्यावर खोबरेल तेल होतं. केस चप्प बसलेले. डाव्या बाजूला भांग, पट्टी ठेवून मारल्यासारखा.

"साहेब," पंजाबराव म्हणाले, "हे काय करून घेतलं?"

"तुमच्याच कंगव्यानं केलं," सुशीलराव म्हणाले, आणि खिशातून तो काळा कंगवा काढून त्यांच्या हातात दिला. "त्या दिवशी घाबरून खिशात घातला, तो तसाच घरी आला. ठवरे साहेब, राजनांदगावपर्यंत मी विचार करत होतो. दहा वर्षं झाली, रोज पाऊण तास आरशासमोर. बायको म्हणे छान, ऑफिसवाले म्हणे छान. एकाही माणसानं मायेनं कंगवा नाही दिला. म्हटलं, या माणसाकडे पोराला द्यायला हरकत नाही." मग डोक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पण हे हेल्मेट कावून?"

पंजाबरावांनी सगळं सांगितलं. पावडर, लिंबाएवढी क्ले, बेसन, बाबुलाल, सगळं. त्यांनी काही लपवलं नाही, कारण हेल्मेट घातलेल्या माणसाजवळ लपवायला उरतंच काय? मग कंगवा हातात फिरवत म्हणाले, "तुम्ही दुखावले असं वाटलं मले. पोरीचं घर आहे ते. म्हटलं, तुमच्यासारखे केस करीन तं तुमाले कळेल, मी हसलो नव्हतो."

प्राचीनं पुढे येऊन बाबांच्या हनुवटीखालचा पट्टा आपल्या हातानं सोडला आणि हेल्मेट उचललं.

सुशीलराव आ वासून पाहत राहिले. त्यांनी पंजाबरावांना खिडकीशी, उजेडात नेलं, मागून पाहिलं, बाजूनं पाहिलं. "पाऊण तासात माझे कधी असे झाले नाहीत," ते म्हणाले. "किती वेळ ठेवावं लागते हे?"

"जिना असला तं चाळीस फेऱ्या," पंजाबराव म्हणाले. "प्लांट असला तं एक शिफ्ट."

विधी झाले, कुंकू लागलं, पेढे वाटले. मग दोन्ही व्याह्यांचा फोटो. सुशीलराव चप्प, पंजाबराव विस्कटलेले, खांद्याला खांदा लावून उभे. मोहितनं कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. मग माणूस भला, राहवलं नाही त्याला. तो पुढे आला आणि खिशातून कंगवा काढून सगळ्यांसमक्ष पंजाबरावांसमोर धरला.

"अंकल, ज़रा बाल ठीक कर लीजिए. फोटो हमेशा का रहता है."

खोली चिडीचूप झाली. पंजाबरावांनी कंगव्याकडे पाहिलं, मग मोहितकडे, आणि मान ताठ करून म्हणाले,

"राहू दे बाबू. मुद्दाम आहेत."

सगळ्यात आधी प्राची हसली. इतकी हसली की तिला बाबांच्या खांद्याला धरावं लागलं, आणि तोच फोटो मोहितनं काढला.